रोजच्या जगण्यात देवाची कृपा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर दाराशी, आजाऱ्याच्या उशाशी, कधी रात्री उशिरा आलेल्या फोनवर कृपेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. प्रश्नांचं वजनच तसं आहे.

कृपा म्हणजे नेमकं काय?

आपली लायकी नसताना देवाने ख्रिस्तामध्ये आपल्यावर केलेलं प्रेम, हे उत्तर संडे स्कूलमधलं मूलही देईल, आणि ते बरोबर आहे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल, म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित, सांगतो की तारण कृपेने आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. ही झाली आठवी आणि नववी वचनं. बहुतेक जण इथेच थांबतात. दहाव्या वचनात तो पुढे म्हणतो की आपण सत्कृत्यं करावीत म्हणून ख्रिस्तामध्ये घडवले गेलो आणि ती सत्कृत्यंसुद्धा देवाने आधीच योजून ठेवली आहेत. पापांची क्षमा करणारी कृपा आणि आज सकाळी उठून नीट वागायला बळ देणारी कृपा, दोन्ही एकाच हातून येतात.

माझं तारण झालं, बाप्तिस्मा झाला. आता रोज कृपा कशाला लागते?

कारण तारणानंतरही आपण आपल्या बळावर जगू शकत नाही. गलतीयातल्या मंडळ्यांना पौलाने जवळजवळ रागावून विचारलं: आत्म्याने सुरुवात केलीत, आता देहाने शेवट करणार आहात का? (गलती ३:३) ते लोक काही देवाला सोडून निघाले नव्हते. उलट जास्त धार्मिक व्हायच्या खटपटीत होते.

आपलंही तसंच होतं. मरणाच्या दिवसासाठी आपण देवाच्या कृपेवर बिनधास्त विसंबतो, आणि मंगळवारसाठी मात्र स्वतःच्या हिमतीवर. नोकरीतली कटकट, मुलाचे मार्क, दुखणारी कंबर, न बोलणारा भाऊ, हे सगळं ‘आपलं आपण बघायचं’ या खात्यात जातं. प्रार्थनेत त्याचा उल्लेख येतो, पण तो देवाला कळवण्यापुरता. निभावून नेण्याची जबाबदारी आपलीच, असं आपण मनोमन धरून चाललेलो असतो.

कृपेवर विसंबायचं म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याला सगळ्यात गुळगुळीत उत्तरं दिली जातात. ‘सगळं प्रभूवर सोपवा’ असं सांगून सांगणारा मोकळा होतो. ऐकणारा तिथेच उभा राहतो.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातून सुरुवात करू. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळाला तो रोजच्या रोज, माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप). काहींनी तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, कारण सातवा विसाव्याचा. असं चाळीस वर्षं चाललं. यातल्या दोन गोष्टी सहज नजरेआड होतात. एक, देवाने साठा कधीच दिला नाही. दुसरी, मान्ना कुणाच्या तोंडात येऊन पडला नाही. पहाटे उठून, वाकून, तो वेचावाच लागे.

आता एक जवळचं उदाहरण. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची चादर एक सून रात्री अडीच वाजता तिसऱ्यांदा बदलते आहे. सासूबाई तिलाच बोल लावताहेत. तिच्या मनात आलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. या क्षणी ‘मी चांगली ख्रिस्ती आहे, मला राग येताच कामा नये’ असं ती स्वतःला बजावत राहिली, तर तो राग सकाळी मुलांवर निघेल. त्याऐवजी चादरीचं टोक गादीखाली खोचता खोचता ती मनात म्हणू शकते: ‘प्रभू, माझ्यातलं प्रेम संपलंय. पुढच्या दहा मिनिटांपुरतं तू दे.’ मग ती कूस वळवते, पाठ पुसते, दिवा मालवते. कदाचित प्रेमाची एकही लहर तिला जाणवत नाही. तरी तिने हात आपटला नाही, शब्द गिळला, काम पुरं केलं. हेच कृपेवर विसंबणं. आणि सकाळी नणंदेला फोन करून ‘आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही या’ असं स्पष्ट सांगणं, हाही त्याचाच भाग. देवाची मदत बहुतेक वेळा माणसांच्या हातून येते. ती मागायला आपला मान आड येतो.

थोडक्यात, आपल्याजवळ काय नाही ते देवापाशी कबूल करायचं, समोरच्या प्रसंगापुरतं मागायचं आणि मिळालं आहे असं धरून पुढचं पाऊल टाकायचं. इब्री लोकांस पत्र ४:१६ मध्ये कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने येण्याचं आमंत्रण आहे, ते ऐन वेळच्या साहाय्यासाठी. ऐन वेळी म्हणजे गरज असते तेव्हा. महिनाभर आधी नाही.

सगळं देवच करणार, मग माझ्या प्रयत्नांचं काय?

पौलाइतके कष्ट कोणत्या प्रेषिताने केले? तो स्वतःच सांगतो की इतरांपेक्षा मी अधिक श्रम केले, आणि त्याच वाक्यात म्हणतो, पण ते मी नाही, माझ्याबरोबर असणाऱ्या देवाच्या कृपेने केले (१ करिंथ १५:१०). करिंथात असताना तो तंबू शिवून पोट भरत होता. कृपेवरचं प्रवचन आणि हातातली सुई यांचं भांडण त्याला कधी दिसलं नाही. यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्यानेही काम चालू असताना प्रार्थना केली आणि पहाराही बसवला.

हा वाद जुना आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाच्या तपस्व्याने शिकवलं की माणसाने मनावर घेतलं तर तो देवाच्या आज्ञा पाळू शकतो. त्याचा हेतू वाईट नव्हता. ख्रिस्ती लोकांचा ढिलेपणा त्याला खुपत होता. हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याने त्याला जोरदार उत्तर दिलं: मुळात ‘मनावर घेणं’ हेच कृपेशिवाय होत नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली आणि ५२९ साली ऑरेंजच्या धर्मसभेने आणखी पुढे जाऊन सांगितलं की विश्वासाची पहिली इच्छासुद्धा कृपेनेच जागी होते.

कागदोपत्री पेलाजियस हरला. आपल्या मनात तो अजून ठाण मांडून आहे, असं माझं मत आहे. ‘देव प्रयत्न करणाऱ्यालाच मदत करतो’ हे वाक्य बायबलमधलं आहे असं किती विश्वासणारे समजतात! ते बायबलमध्ये कुठेही नाही.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. देव कंटाळला नसेल का?

येशूचा शिष्य पेत्र याने, येशूला अटक झाल्यावर, ‘मी त्याला ओळखत नाही’ असं म्हणून त्याला तीनदा नाकारलं. लूक सांगतो की त्याआधीच येशू त्याला म्हणाला होता: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). पडण्याआधीच प्रार्थना झाली होती आणि उठल्यावर करायचं कामही ठरलं होतं. पुढे योहानाच्या एकविसाव्या अध्यायात किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, जसा पेत्राने नाकारलं त्या महायाजकाच्या अंगणात होता, आणि येशू त्याला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ तो प्रसंग झाकून ठेवला जात नाही. तो उघडून बरा केला जातो.

पाप झाल्यावर बरेच जण स्वतःला काही दिवसांची शिक्षा लावून घेतात: चार दिवस प्रार्थना नाही, पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) जायचं नाही, मग थोडं ‘बरं’ वाटलं की परतायचं. ही नम्रता वाटते, पण आत हिशेब चालू असतो की थोडी किंमत मीच मोजली. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा बंधू स्वयंपाकघरात राबत असे. चूक झाली की ती देवापुढे लगेच कबूल करायची आणि तिथेच न घुटमळता हातातलं काम पुढे न्यायचं, अशी त्याची रीत होती. माझ्या मते बोध देणाऱ्या दहा भाषणांपेक्षा ही रीत उपयोगी आहे.

पण लगेच उठणं म्हणजे जणू काही झालंच नाही असं वागणं नव्हे. फोन हातात घेऊन एकटं बसल्यावरच घसरण होत असेल, तर रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एका भरवशाच्या माणसाला नाव घेऊन सांगा: पाळकांना, धर्मगुरूंना, जुन्या मित्राला. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पातकं कबूल करायला सांगितलं आहे ते उगीच नाही.

आणि वेळ लागतो. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात देवाकडे वळला. त्यानंतरही तो गुलामांच्या जहाजांवर कप्तान होता. १७५४ मध्ये समुद्र सोडला तो आजारपणामुळे. १७६४ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे पत्रक छापलं ते १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी! याने त्याच्या अपराधाला सबब मिळत नाही. त्या जहाजांतल्या माणसांनी जे भोगलं ते भोगलंच. पण कृपेने एका माणसाच्या आत किती वर्षं काम केलं, हे मात्र त्यावरून कळतं.

कृपा आहेच, तर थोडंफार चुकलं म्हणून काय बिघडलं?

पौलाला हा प्रश्न त्याच्या हयातीतच विचारला जात होता आणि त्याचं उत्तर आहे: कधीच नाही (रोम ६:१-२). तीताला लिहिलेल्या पत्रात तर तो म्हणतो की कृपाच आपल्याला अभक्ती नाकारायला शिकवते. ज्या कृपेने पाप सोपं वाटू लागतं, ती आपणच मनात बनवलेली असते.

ज्याने माझं वाटोळं केलं त्याला क्षमा करणं मला जमत नाही.

मत्तयच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यातले आकडे एकदा मांडून बघा. पहिल्या चाकराचं देणं दहा हजार टॅलेंट. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता सुमारे १ लाख ६४ हजार वर्षं राबावं लागेल. ‘थोडी सवड द्या, सगळं फेडतो’ असं तो राजाला म्हणतो तेव्हा हसू यायला हवं. राजाने ते सगळं माफ केलं. बाहेर पडल्यावर याने ज्याचा गळा धरला, त्याच्याकडे शंभर दिनार येणं होतं.

शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम नव्हती, हे सहसा सांगितलं जात नाही. तीन महिन्यांहून जास्त कमाई! तुमचं झालेलं नुकसान खरं आहे. येशू ते शून्य धरत नाही. तो फक्त दुसरा आकडा शेजारी ठेवतो. म्हणून ‘मला क्षमा करता येत नाही’ हे वाक्य प्रार्थनेची सुरुवात म्हणून उत्तम आहे. ‘प्रभू, तो सुखात असावा असं मला वाटत नाही. तसं वाटावं असं मात्र वाटतं.’ एवढ्यावर काही महिने काढावे लागले तरी चालतील.

मग मार, छळ, अपमान सहन करत राहणं हीच कृपा का?

नाही. हे उत्तर लांबवण्याची गरज पडू नये, पण पडते, कारण ‘कृपेने सोस’ हा सल्ला मार खाणाऱ्यांना देणारे अजून आहेत. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं (प्रेषितांची कृत्ये २२). न्याय मिळत नाही असं दिसल्यावर त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. दिमिष्कात जिवावर बेतलं तेव्हा शिष्यांनी त्याला पाटीत बसवून कोटावरून खाली उतरवलं आणि तो निसटला. सुरक्षित जागी जाणं, पोलिसांत तक्रार करणं, वेगळं राहणं, यांतल्या कशानेही विश्वास कमी पडत नाही. क्षमा मनात होऊ शकते. एका छताखाली राहणं हा वेगळा निर्णय आहे. आणि मंडळीतल्या कुणी तुम्हाला परत त्याच घरात ढकललं, तर दुसऱ्या शहाण्या माणसाकडे जा.

काहीच जाणवत नाही. प्रार्थना कोरडी, वचन कोरडं. कृपा काढून घेतली असेल का?

आधी विचारतो: शेवटचं पोटभर कधी झोपलात? हा प्रश्न थट्टेचा नाही. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने एलीया संदेष्टा पळाला आणि झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितलं (१ राजे १९). देवाने त्याला प्रवचन दिलं नाही, जाबही विचारला नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून खायला-प्यायला दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं, आणि सांगितलं की पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. देवाशी बोलणं झालं ते चाळीस दिवसांच्या चालीनंतर, होरेबावर.

झोप पुरेशी असून, पाप लपवलेलं नसूनही कोरडेपणा राहिला, तर तो राहू द्या. भावना ही कृपेची पावती नाही. स्तोत्र ८८ अंधारात संपतं, एकही आशेची ओळ शेवटी येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवाला तशी प्रार्थनाही चालते. कमी वाचा, पण वाचत राहा. प्रभुभोजन चुकवू नका, कारण तिथे तुमच्या भावनेची अट नसते. भाकर हातात मिळते.

नैराश्यासाठी गोळ्या घेतल्या तर विश्वास कमी पडला असं होतं का?

होत नाही. लूक वैद्य होता, आणि पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना करायला नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका, कितीही मोठ्या सभेत कुणी तसं सांगितलं तरी.

देवाची कृपा असेल तर घरात भरभराट दिसायला नको का?

मासेदोनियातल्या मंडळ्यांवर झालेल्या देवाच्या कृपेबद्दल पौल करिंथकरांना मोठ्या कौतुकाने लिहितो (२ करिंथ ८). ती कृपा कशात दिसली? त्या मंडळ्या कमालीच्या गरिबीत होत्या, संकटात होत्या, आणि तरी यरुशलेमच्या गरजूंसाठी त्यांनी ऐपतीबाहेर दिलं. त्याच पत्रात चार अध्यायांनंतर पौलाच्या ‘शरीरातला काटा’ येतो, म्हणजे त्याला सतत छळणारा एक त्रास. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर मिळालं. साक्षींच्या कार्यक्रमात नोकरी, घर आणि व्हिसा मिळाल्याच्या साक्षी ऐकायला मला आवडतात, पण न निघालेल्या काट्यांच्या साक्षींनाही व्यासपीठ मिळायला हवं.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कृपेबद्दल वेगळं शिकवतात ना?

फरक आहेत, पण भिंत वाटते तितकी उंच राहिलेली नाही. कॅथलिक चर्च कृपेचा संबंध सात संस्कारांशी जोडतं आणि माणूस आतून खरोखर पालटतो यावर भर देतं. प्रोटेस्टंट परंपरेचा भर ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे, केवळ विश्वासाने, देवाने आपल्याला नीतिमान ठरवण्यावर असतो. सोळाव्या शतकात यावरून एकमेकांना शाप दिले गेले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर एक संयुक्त जाहीरनामा केला: देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना त्याला जोडली गेली. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण ‘ते लोक कर्मांनी तारण मानतात’ असं परस्पर ठोकून देण्याआधी हा जाहीरनामा आठवावा.

मुलांना कृपा कशी शिकवायची?

त्यांची माफी मागून. सांडलेल्या पाण्यावरून गरजेपेक्षा जास्त ओरडलात, तर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून ‘मी चुकलो, मला माफ कर’ एवढंच म्हणा. ‘पण तूही ना’ हे पुढे जोडू नका. ज्या घरात आई-वडील कधीच चुकत नाहीत, त्या घरात कृपेचं वचन पाठ होतं, कळत नाही.

प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. मग कृपा मागायची कशी?

बुडताना पेत्र म्हणाला, ‘प्रभू, मला वाचवा.’ जकातदाराने म्हटलं, ‘देवा, मज पाप्यावर दया कर.’ यापेक्षा लांब प्रार्थनेची गरज नाही. तेवढंही होत नसेल, तर रोमकरांस पत्र ८:२६ सांगतं की पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आणि दुसऱ्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. कफर्णहूमात चौघांनी एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट छपरातून खाली सोडलं. तो माणूस एक शब्द बोलल्याची नोंद नाही. मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, आणि याला म्हणाला, ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.’